सिबिल घसरलं म्हणून लगेच दुसऱ्या बँकेत फाईल टाकू नका, आधी हे तपासा

ठाण्याच्या नौपाड्यात बसून मी होमलोनच्या फाईली करतो. सिबिल म्हणजे कर्ज आणि कार्डाचे पैसे कसे फेडता यावरून मिळणारा स्कोअर, तो बघून बँक कर्ज द्यायचं की नाही ते ठरवते. "हप्ता एक चुकवला नाही, तरी सिबिल खाली कसं आलं?" हा प्रश्न इतक्यांदा समोर येतो की उत्तर एकदाच नीट लिहून ठेवलेलं बरं. बहुतेक वेळा दोष स्कोअरच्या आकड्यात नसतो, रिपोर्टमधल्या एखाद्या ओळीत असतो. ती ओळ बऱ्याचदा पाच-सहाशे रुपयांची असते आणि तिच्यापायी पन्नास लाखांचं कर्ज अडून बसतं. आकड्याकडे बघत बसणारा माणूस महिनोन् महिने बघतच बसतो. रिपोर्ट वाचणाऱ्याला निदान कुठे बोट ठेवायचं ते तरी कळतं.

लक्षणं अशी दिसतात:

- मोबाईल ॲपवर ७८० दिसतो आणि बँकेतला माणूस म्हणतो ७०५.
- सगळे हप्ते वेळेवर, तरी महिन्याभरात स्कोअर तीस-चाळीसने खाली.
- कर्ज फेडलं, एनओसी (कर्ज फिटल्याचा दाखला) कपाटात आहे, पण रिपोर्टमध्ये ते अजून चालू.
- तक्रार करून दुरुस्त झालेली नोंद पुढच्या महिन्यात पुन्हा जशीच्या तशी.
- स्कोअरच्या जागी –१ किंवा एनएच.
- अर्ज केलाच नाही, तरी अमुक वित्तसंस्थेने तुमचा अहवाल पाहिला असा एसएमएस.
- कधीही न घेतलेलं कर्ज नावावर.

आता तपासण्या. आधी फुकटातल्या आणि घरबसल्या होणाऱ्या, वेळ आणि कागद खाणाऱ्या नंतर.

पहिली गोष्ट, थांबा

एका बँकेने नाही म्हटलं की माणूस त्याच आठवड्यात दुसरीकडे, तिसरीकडे अर्ज टाकतो. प्रत्येक अर्जाची 'एन्क्वायरी' म्हणून नोंद होते, स्कोअर थोडा खाली सरकतो आणि पुढच्या बँकेला ती यादी दिसते. महिन्यात पाच एन्क्वायऱ्या आणि एकही कर्ज मंजूर नाही, हे चित्र बघून क्रेडिट मॅनेजर काय समजायचं ते समजतो. यात एजंट लोक भर घालतात. मॉलमधल्या टेबलावर एका फॉर्मवर सही घेऊन चार बँकांत अर्ज टाकणारे भरपूर आहेत. सही करण्याआधी फाईल नेमकी कुठे जाणार ते विचारा आणि एकाच ठिकाणी टाकायला सांगा. मूळ दोष सापडेपर्यंत नवा अर्ज नाही. ही तपासणी नव्हे, पण हे पाळलं नाही तर पुढचं सगळं फुकट.

स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्याने मात्र स्कोअर कमी होत नाही. ही भीती अजून बऱ्याच जणांच्या मनात आहे. दहा वेळा बघा.

कोणाचा स्कोअर बघताय?

आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो, पण लोकांच्या कर्जांची नोंद ठेवून स्कोअर देणाऱ्या, रिझर्व्ह बँकेने परवाना दिलेल्या क्रेडिट कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. चौघींचा स्कोअर ३०० ते ९०० मध्येच असतो, पण हिशोबाची पद्धत ज्याची त्याची. ॲपवर बऱ्याचदा एका कंपनीचा आकडा असतो आणि बँक दुसरीचा बघते. त्यामुळे ७८० आणि ७०५ दोन्ही खरे असू शकतात. ॲपच्या स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात कंपनीचं नाव असतं, ते वाचा. बँकेने कोणाचा रिपोर्ट काढला ते विचारा. दोन्ही नावं वेगळी निघाली तर हा बिघाडच नाही. फक्त यापुढे मागच्या महिन्याचा आणि या महिन्याचा आकडा एकाच कंपनीचा घेऊन ताडून बघा.

कार्ड किती वापरलं?

दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्या लोकांचा स्कोअर पडतो तो बहुतेक इथे. कार्डाची मर्यादा ५०,००० आहे. दिवाळीत गोखले रोडवर खरेदी झाली, स्टेटमेंट आलं ४४,००० चं, तुम्ही वेळेत सगळं भरलं. पण बँकेकडून क्रेडिट कंपनीकडे गेलेल्या माहितीत तुम्ही मर्यादेच्या ८८ टक्के उधारीवर जगताय असं दिसलं, कारण माहिती पाठवली त्या दिवशी तेवढी बाकी होती. साधारण ३० टक्क्यांच्या आत वापर असावा असं मानतात.

उपाय स्वस्त आहे. स्टेटमेंट तयार होण्याआधीच मोठी रक्कम भरून टाका. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ही माहिती किमान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे सुधारणाही लवकर दिसते. आणि सुधारायचं म्हणून सगळ्यात जुनं कार्ड बंद करू नका. त्याने एकूण मर्यादा कमी होते आणि वापराची टक्केवारी उलट वाढते.

पूर्ण रिपोर्ट काढा

इथून पुढे ॲपचा आकडा कामाचा नाही, पूर्ण रिपोर्ट हवा. २०१७ पासून चारही कंपन्यांनी प्रत्येकाला कॅलेंडर वर्षात एकदा पूर्ण रिपोर्ट स्कोअरसह फुकट द्यायचा आहे. कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर पॅन, जन्मतारीख, मोबाईलवरचा ओटीपी, एवढंच लागतं. फुकटचा पर्याय सहसा पैसेवाल्या प्लॅनच्या गर्दीत असतो, जरा शोधावा लागतो. वर्षभराचं सबस्क्रिप्शन घ्यायची काही गरज नाही. चार कंपन्या आहेत, तर दर तीन महिन्यांनी एकीचा काढा. वर्षभर नजर राहते आणि खर्च शून्य.

रिपोर्ट आला की आकडा सोडून पहिलं पान वाचा. नाव, जन्मतारीख, पॅन, पत्ते, मोबाईल. जुना कळव्याचा किंवा डोंबिवलीचा पत्ता दिसला तर घाबरू नका, तो फक्त जुना पत्ता आहे. जन्मतारीख किंवा पॅन चुकीचा असेल तर मात्र दुसऱ्याच कोणाची खाती तुमच्या फाईलमध्ये शिरली असण्याची शक्यता असते. पाटील, शिंदे, जाधव मंडळींनी हे विशेष बघावं. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बायकांच्या बाबतीत उलटं होतं. माहेरच्या नावाने घेतलेलं कर्ज एका फाईलमध्ये, सासरच्या नावाचं कार्ड दुसऱ्या फाईलमध्ये. दहा वर्षांचा चांगला इतिहास असूनही स्कोअर नवख्यासारखा दिसतो. प्रत्येक बँकेत केवायसी अद्ययावत करून सगळीकडे एकच पॅन जोडलेला आहे ना, ते बघणं हाच इलाज.

खरोखरच कधी कर्ज किंवा कार्ड घेतलं नसेल तर –१ किंवा एनएच येतो. तो वाईट स्कोअर नाही, कोरी पाटी आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. घाई नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घेऊन थोडं वापरत राहा.

खात्यांची पानं: खरं काम इथे

प्रत्येक कर्जाच्या आणि कार्डाच्या खाली तीन जागा बघायच्या: चालू शिल्लक, थकीत रक्कम, आणि महिन्यांच्या चौकटींची पट्टी. या पट्टीत मागच्या ३६ महिन्यांचा हिशोब असतो. ००० किंवा एसटीडी म्हणजे ठीक. ट्रिपल एक्स म्हणजे त्या महिन्याची माहिती बँकेने पाठवली नाही, तो तुमचा दोष नाही. ०३०, ०६० असे आकडे म्हणजे तितके दिवस उशीर. ९० दिवस उलटले की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडण्याच्या वाटेवरचं.

नेहमी सापडणारी ओळ अशी असते. खात्याचा प्रकार क्रेडिट कार्ड, मर्यादा ६०,०००, शिल्लक ५९०, थकीत ५९०, आणि पट्टीत ०००, ०००, ०३०, ०६०, ०९०. कार्ड कधी घासलंही नाही म्हणतात लोक, आणि खरंच घासलेलं नसतं. ५०० रुपये वार्षिक शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९०. स्टेटमेंट जात राहिलं जुन्या नोकरीतल्या ईमेलवर, एसएमएस बंद पडलेल्या नंबरवर. पुढे त्यावर व्याज आणि लेट फी चढते आणि रक्कम फुगते, पण रिपोर्टसाठी पहिले ५९० पुरेसे असतात.

इथे नियम तुमच्या बाजूने आहेत, ते माहीत हवेत. देय तारखेनंतर तीन दिवसांहून जास्त झाल्याशिवाय कार्ड खातं थकीत म्हणून कळवता येत नाही. थकबाकीदार म्हणून कळवण्याआधी सात दिवसांची सूचना द्यावी लागते. आणि जे कार्ड तुम्ही चालूच केलं नाही, त्याची माहिती कळवायचीच नसते. यातलं काही पाळलं गेलं नसेल तर तक्रारीत नेमकं तेच लिहा, "मला न्याय द्या" लिहून भागत नाही. कार्ड नको असेल तर बाकी शून्य करून बंद करण्याचा लेखी अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये कार्ड कंपनीने तुम्हाला द्यायचे असतात.

दुसरी नेहमीची ओळ पगार खातं बदलल्यावर उगवते. वागळे इस्टेटमधली नोकरी सोडून ऐरोलीला गेलात, पगार नव्या बँकेत यायला लागला, ऑटो डेबिट मात्र जुन्याच खात्यावर. हप्ता ५ तारखेचा, जुन्या खात्यात पैसे नाहीत. बाउन्स झालं की लोक दोन दिवसांत हप्ता भरतात, पण बाउन्सचा दंड भरत नाहीत, कारण तो कोणी मागतच नाही. नवा मँडेट (ऑटो डेबिटची परवानगी) देऊन जुना रद्द झाल्याची पावती घ्या. पगार ७ ला येत असेल तर हप्त्याची तारीख पुढे सरकवून मागा, बऱ्याच ठिकाणी देतात.

फेडलेलं कर्ज अजून चालू, किंवा दुरुस्त होऊन परत आलं

इथे बहुतेकांचं गणित चुकतं. क्रेडिट कंपनी स्वतःहून तुमच्या रिपोर्टमध्ये काहीही बदलू शकत नाही. ती बँकेला विचारते, बँक हो म्हणाली तरच बदलते. आणि बँकेच्या स्वतःच्या संगणकात चूक तशीच राहिली असेल तर पुढच्या पंधरवड्याच्या फाईलबरोबर ती परत येते. म्हणून वरवर दुरुस्ती टिकत नाही, मूळ खात्यात जावं लागतं.

एनओसी आहे म्हणून निश्चिंत राहू नका. बँकेकडून कर्जखात्याचं आजच्या तारखेपर्यंतचं पूर्ण स्टेटमेंट मागा. मुद्दल शून्य, व्याज शून्य, आणि शेवटी 'इतर शुल्क' या रकान्यात ५०० रुपये, तोच जुना बाउन्सचा दंड. संगणकाच्या लेखी खातं बंद झालेलंच नाही. ते ५०० भरा किंवा माफ करून घ्या, आणि शून्य शिल्लक असलेलं स्टेटमेंट व बंद झाल्याच्या तारखेचं पत्र हातात घ्या. २०१९-२० मध्ये सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, त्या काळातली कर्जं असतील तर जुना आणि नवा असे दोन खाते क्रमांक दिसतात का तेही बघा. एकच कर्ज दोनदा दिसत असेल तर जुना क्रमांक बंद दाखवायला सांगायचा. कर्ज मधेच दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तरी हेच.

मग एकाच दिवशी दोन ठिकाणी लेखी तक्रार: बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल आणि क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर डिस्प्यूट, म्हणजे त्या नोंदीला हरकत. दोन्हीकडचे तक्रार क्रमांक जपून ठेवा, फोनवर बोलणं धरू नका. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाली लागली पाहिजे. त्यातले २१ दिवस बँकेचे. ३० च्या वर गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळते. हा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे आणि गंमत म्हणजे मागितल्याशिवाय तो कोणालाच आठवत नाही. ईमेलच्या शेवटी या भरपाईची एक ओळ घालून ठेवा, उत्तरं जरा लवकर येतात.

गृहकर्ज फेडलं असेल तर घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत, उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये. विषय थोडा वेगळा आहे, पण त्याच ईमेलमध्ये विचारून घ्या.

सेटल्ड, रिटन ऑफ आणि जामीन

या तीन नोंदी चूक नसतात, खऱ्या असतात, म्हणून डिस्प्यूटने जात नाहीत. वसुलीवाल्याने फोनवर "८०,००० चे ३०,००० भरा, विषय संपवू" म्हटलं, तुम्ही भरले, त्याच्या लेखी विषय संपला. रिपोर्टमध्ये 'सेटल्ड' लागलं. लोक अदालतीत तडजोड केली तरी तेच. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने बुडीत धरलेलं कर्ज. पुढचा बँकवाला याचा अर्थ एवढाच घेतो की पूर्ण पैसे दिले नाहीत. बाकी राहिलेली रक्कम भरायची तयारी असेल तर बँकेला लेखी विचारा, भरल्यावर नोंद 'क्लोज्ड' करणार का, आणि हो असं लेखी आल्यावरच भरा. नाहीतर पैसेही जातात आणि शिक्काही राहतो.

जामिनाचं तर बोलूच नये. सहकारी बँकेत मित्राच्या कर्जाला "फक्त सही तर करायचीय" म्हणून सही केली, मित्र हप्ते थांबवून मोकळा, आणि ते थकीत कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टमध्ये. सहकर्जदाराचंही तसंच. मित्राने भरणं, नाहीतर तुम्ही भरून त्याच्याकडून वसूल करणं, याशिवाय मार्ग नाही.

"दहा हजार द्या, सिबिल क्लीन करून देतो" म्हणणारे स्टेशनबाहेरच्या खांबांवर नंबर चिकटवून जातात. खरी नोंद पैसे घेऊन पुसणारा कोणी नाही. क्रेडिट कंपन्यांना माहिती किमान सात वर्षं ठेवावीच लागते. हे लोक जे करतात ते फुकटचं डिस्प्यूट, तेही तुमचा ओटीपी घेऊन.

कधी थांबायचं आणि कोणाकडे जायचं

न घेतलेलं कर्ज दिसलं तर घरगुती उपाय बंद. त्याच दिवशी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार, आणि ठाणे किंवा नवी मुंबई, जिथे राहता तिथल्या पोलिसांकडे लेखी अर्ज. कर्ज देणाऱ्या संस्थेकडे अर्जाची प्रत, वापरलेलं केवायसी आणि पैसे कोणत्या खात्यात जमा झाले ते लेखी मागा. ते खातं तुमचं नाही हाच तुमचा सगळ्यात मोठा पुरावा. "आधी दोन हप्ते भरा मग बघू" असं म्हणत असतील तर भरू नका. हप्ता भरला की कर्ज मान्य केलं असा अर्थ काढला जातो.

रिपोर्टमध्ये 'सूट फाइल्ड' (बँकेने कोर्टात दावा लावल्याची नोंद) दिसलं, लवादाची किंवा कोर्टाची नोटीस आली, किंवा घरावर सरफेसी कायद्याच्या (थकीत कर्जापोटी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) कलम १३(२) खालची ६० दिवसांची नोटीस आली, तर माझ्यासारख्या फाईलवाल्याकडे येऊ नका, वकिलाकडे जा. तेही ६० दिवस संपायच्या आत, संपत आल्यावर नव्हे. कंपनीच्या किंवा भागीदारीच्या कर्जाला तुमची वैयक्तिक हमी असेल तर आधी सीएला गाठा. तिथे कोणती नोंद कुठून आली हे ताळेबंदाशिवाय कळत नाही.

बँक किंवा क्रेडिट कंपनी ३० दिवसांत उत्तरच देत नसेल, किंवा उत्तर पटत नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तिच्या सीएमएस या तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. क्रेडिट कंपन्याही सप्टेंबर २०२२ पासून त्याच्या कक्षेत आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो, फोनचं रेकॉर्डिंग नव्हे.

म्हाडाच्या कोकण मंडळाची किंवा सिडकोची सोडत भरणाऱ्यांसाठी एक वेगळं सांगतो. नाव लागल्यावर पैसे भरायच्या तारखा ठरलेल्या असतात आणि दुरुस्तीला महिना सहज जातो. रिपोर्ट अर्ज भरण्याच्या आठवड्यातच काढा. पती-पत्नी मिळून कर्ज घेणार असाल तर दोघांचाही.